नकाशांचं पुस्तक आणि ताईची शपथ

मी मुळातच संशयी माणूस. एसटीचा कंडक्टर ‘सुटे नंतर देतो’ म्हणाला की उतरेपर्यंत माझे डोळे खिडकीबाहेर कमी आणि त्याच्या पिशवीवर जास्त. चिकू घेताना पाटीतले वरचे चिकू बाजूला सारून खालचे दाबून बघतो, आणि विकणारी मावशी ‘घे ना रे, सगळे सारखेच’ म्हणाली की माझी खात्रीच पटते की सारखे नाहीत. डहाणूतल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवतो. तिथे या स्वभावाचा फायदाच होतो, कारण यंत्राला काहीही सांगितलं तरी त्याने ते तसंच ऐकलं असेल असं धरून चालायचं नसतं.

या संशयाचा मला कधी त्रास झाला नव्हता, कारण संशय घेणारा नेहमी मीच असायचो. २०१८ च्या दिवाळीत एका पुस्तकापायी ते उलटलं. तलासरीच्या आत, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी, सगळा पाडा माझ्याकडे त्याच नजरेने बघायला लागला. माझं काय, मी दुसऱ्या दिवशी डहाणूला परत जाणार होतो. ताईला मात्र तिथेच राहायचं होतं, त्याच विहिरीवर पाणी भरायचं होतं. तिचं तिथलं उठणं-बसणं पणाला लागलं. ते पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगायला हवं, कारण तिथेही सुरुवात संशयानेच झाली होती.

२०१४ साली नोकरीला लागलो तेव्हा कॉलेजच्या कपाटात संगणकाची पुस्तकं म्हणून जी होती ती बहुतेक परीक्षेची होती. प्रश्न, त्याखाली उत्तर, त्याखाली ‘महत्त्वाचे’ असं ठळक अक्षरात. मला हवी होती ती पुस्तकं वेगळी. एकेका लहानशा विषयावर कुणीतरी आयुष्य घालवून लिहिलेली, जाडजूड, आणि आपल्याकडच्या दुकानदाराने नावही न ऐकलेली. मुंबईच्या एका दुकानात त्यातलं एक मिळालं. भारतीय आवृत्ती, पातळ कागद, किंमत परवडणारी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं की ही आवृत्ती फक्त याच उपखंडात विकायची आहे. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. फक्त इथेच का? आपल्याला काय वेगळं वाढलंय?

दुकानदार म्हणाला, ‘‘सर, सेम टू सेम आहे. फक्त स्वस्त.’’ मी घरी येऊन प्रकाशकाच्या संकेतस्थळावरची अनुक्रमणिका आणि हातातली अनुक्रमणिका शेजारी ठेवून बोट फिरवत बसलो. शेवटची दोन प्रकरणं गायब होती आणि मधले स्वाध्याय बदललेले. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण आपला संशय खरा निघाला याचाच मला इतका आनंद झाला की मी ते पुस्तक पुढचे कितीतरी दिवस भेटेल त्याला दाखवत होतो. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणारे सर म्हणाले, ‘‘अरे, फुकट फाईल मिळते नेटवर. उतरवून घे.’’ फुकट मिळणाऱ्या फाईलवर तर माझा अजिबात विश्वास नाही. त्यात पुस्तकाबरोबर आणखी काय घरात शिरेल सांगता येत नाही.

तेव्हा ठरवलं, घ्यायचं तर थेट प्रकाशकाकडून, सातासमुद्रापलीकडून, पूर्णच्या पूर्ण.

त्यासाठी कार्ड परदेशात चालायला हवं होतं. बँकेत गेलो तर समोरच्या मॅडमनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. ‘‘कोणाला पाठवताय पैसे?’’

‘‘पुस्तकाच्या प्रकाशकाला.’’

‘‘ओळखता तुम्ही त्यांना?’’

‘‘नाही.’’

‘‘ते तुम्हाला?’’

‘‘तेही नाहीत.’’

‘‘सर, रागावू नका, पण लोकांचे पैसे असेच जातात. बक्षीस लागल्याचा मेसेजबिसेज आला नाही ना?’’

मी रागावलो नाही. उलट मला त्या मॅडम फार आवडल्या. माझ्यासारखं वागणारं माणूस गावात आणखी एक आहे हे बघून बरं वाटलं. कार्ड सुरू झालं, पण मग प्रकाशकाची पाळी आली. त्यांच्या चौकटीत घराचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. माझ्या खोलीला क्रमांक नाही आणि त्या गल्लीला नाव नाही. मी लिहिलं, चिकूच्या वाडीमागे, पाण्याच्या टाकीजवळ. चार दिवसांनी तिकडच्या कुणा बाईचं ईमेलवर पत्र आलं की हा पत्ता आहे की जागेचं वर्णन, हे कृपया कळवावं, आणि शक्य असल्यास आपण खरोखर शिक्षक असल्याचा काही पुरावा द्यावा. पत्राखाली आडनाव नव्हतं, नुसतं नाव. आडनाव न सांगणाऱ्या माणसाला मी पुरावा कशाला पाठवू? मी उलट विचारलं की आपण खरोखर प्रकाशकाच्याच आहात कशावरून. अशा रीतीने दोन्ही बाजू एकमेकांना चोर समजत, अत्यंत अदबीने, बरेच दिवस पत्रव्यवहार करत राहिलो. शेवटी मी कॉलेजच्या कागदावर प्राचार्यांची सही घेऊन पाठवली आणि पुस्तक निघालं.

ते पहिलं पुस्तक हातात पडलं चारोटी नाक्यावर. कुरिअरवाल्याचा फोन आला, ‘‘सर, डहाणू आपल्या रूटला नाय. हायवेवर या, हॉटेलजवळ उभा हाय.’’ भर दुपारी ट्रकांच्या धुरळ्यात मी परदेशी शिक्क्यांचं खोकं ताब्यात घेतलं तेव्हा हॉटेलचा गुजराती मालक गल्ला सोडून बाहेर आला. ‘‘मास्तर, शुं मंगाव्युं?’’

‘‘पुस्तक.’’

‘‘फॉरेनथी पुस्तक?’’ तो हसला. ‘‘ठीक छे, नका सांगू. पण बघू तरी.’’

खोकं आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. तपासणी होते हे मला ठाऊक होतं, तरी मी तिथेच बाकड्यावर बसून पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले. एकही पान गळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. मालकाने दोन चहा पाठवले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पुस्तकच आहे हे डोळ्यांनी दिसूनही त्याला ते पटलं होतं असं मला वाटत नाही.

पुढच्या तीन-चार वर्षांत अशी आणखी पुस्तकं आली. शब्द साठवून ठेवण्याच्या पद्धतींवर एक, यंत्राच्या आतल्या रांगांवर एक. प्रत्येक वेळी तीच धाकधूक. पैसे गेले का, खोकं अडकलं का, आलं तर आत दुसरंच काही असेल का. माझी खोली त्या पुस्तकांनी जड झाली आणि मला त्यांचा फार अभिमान होता. डहाणूत बसून जे मी वाचत होतो ते मुंबईतही फारसं कुणी वाचत नसेल, असं मनात म्हणायचो.

२०१८ मध्ये आलं ते नकाशांचं पुस्तक. संगणक नकाशा कसा रेखतो, जागा कशी ओळखतो, यावरचं. ते पोस्टाने आलं. पोस्टातल्या साहेबांनी ते हातात तोलून बघितलं. वेष्टण फाटलं होतं आणि आतून मुखपृष्ठ दिसत होतं. आकाशातून काढलेला शेतांचा फोटो, आणि त्यावर लाल रेघेने आखलेली एक हद्द. ‘‘नकाशे?’’ साहेब म्हणाले. ‘‘जपून हो सर. सध्या दिवस बरे नाहीत.’’ मी मान डोलावली. त्यांना काय म्हणायचं होतं ते माझ्या लक्षात आलं, आणि तरीही आलं नाही.

त्या वर्षी आमच्या भागात जलद गाडीच्या मार्गासाठी जमिनीची मोजणी चालू होती. गावोगाव लोक विरोधात उभे होते. मोजायला माणसं आली की बाया-माणसं शेतात जाऊन बसत. हे सगळं मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात मोजणी म्हणजे जीप, तिपाईवरचं यंत्र आणि बरोबर पोलीस. मी आपला सुट्टीला बहिणीकडे जाणारा मामा. माझा आणि मोजणीचा संबंध काय?

पुस्तकातल्या एका प्रकरणाने मला झपाटलं होतं. एखादं ठिकाण हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे यंत्राला कसं कळावं? आपण बघतो आणि सांगतो. यंत्राला बघता येत नाही, त्याच्याकडे नुसते आकडे. मग करायचं काय, तर त्या ठिकाणाहून एक सरळ रेघ दूरवर काढायची आणि ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजायचं. विषम वेळा छेदली तर ठिकाण आत, सम वेळा छेदली तर बाहेर. इतकं साधं. ते वाचून मी खोलीत एकटाच हसलो होतो. प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय होता. ओळखीच्या एखाद्या जागेभोवती फोन घेऊन चाला, प्रत्येक वळणावर थांबून नोंद घ्या, आणि मग यंत्राकडून त्या जागेची हद्द रेखून घ्या. ओळखीची जागा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ताईचं भाताचं खाचर आलं. आमचं मूळ घर गंजाडचं, पण आई-बाबा गेल्यापासून माझी प्रत्येक दिवाळी ताईकडे. लहानपणी तिने मला कमरेवर घेऊन वाढवलं. अजूनही मी गेलो की ती आधी माझी मनगटं चाचपून बारीक झालास का ते बघते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून मी गेलो. तलासरी नाक्यावरून जीप, पुढे पायी. सकाळीच पोचलो. चहा झाल्यावर ताईला म्हटलं, ‘‘शेताला एक चक्कर मारून येतो.’’ ती चुलीशी होती. ‘‘जा, पण लवकर ये. भाकर गरम खा,’’ म्हणाली.

भात कापून झाला होता. खाचरांत नुसती कोरडी धसकटं उभी होती आणि कडेला भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. मी एका हातात फोन, दुसऱ्या बगलेत पुस्तक, असा बांधावरून चालत होतो. वळण आलं की थांबायचं, फोनकडे बघायचं, बटण दाबायचं, पुस्तक उघडून पुढची सूचना वाचायची. गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली. ताईच्या शेजारची, मला चांगली ओळखणारी. ‘‘मास्तर, काय हरावलं काय?’’

‘‘नाही हो. मोजतोय जरा,’’ मी म्हणालो.

त्या वर्षी त्या पाड्यात हे शब्द बोलणारा मी पहिला घरचा माणूस असेन. तिने भारा तिथेच टाकला आणि झपाझप निघून गेली. मला वाटलं, तिला काही काम आठवलं असेल.

मी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो तोच माणसं आली. पुढे कारभारी, म्हणजे पाड्यात ज्यांचा शब्द चालतो ते म्हातारबाबा. मागे दहा-बारा जण, आणि सगळ्यांच्या मागे माझे भावजी, मान खाली घालून. कुणी आवाज चढवला नाही. तेच मला जास्त लागलं. मला मधे घालून सगळे ताईच्या अंगणात आले.

कारभाऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि मुखपृष्ठावरच्या फोटोवर बोट ठेवलं. ‘‘ही शेतं कुणाची?’’

‘‘माहीत नाही, बाबा. बाहेरच्या देशातली आहेत.’’

‘‘त्यांची बी घेतली काय?’’

कुणी हसलं नाही. ‘‘ह्ये पुस्तक तुला कुणी दिलं?’’

‘‘मी विकत घेतलं.’’

‘‘कितीला?’’

मी किंमत सांगितली. खोटी सांगितली असती तर बरं झालं असतं. पलीकडे गुजरातेतल्या कारखान्यात कामाला जाणारा एक जण म्हणाला, ‘‘येवढं पैसं घालून पुस्तक कोण घेतो? कुणीतरी दिलंच असतील.’’ त्याने माझा फोन मागितला. मी दिला. पडद्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ, एका बाजूने अर्धवट. तो फोन उंच धरून फिरवला गेला. ‘‘ह्ये बघा. आपलंच खाचर हाय. हा आंब्याकडचा कोपरा.’’

मी सगळ्यांसमोर ते ठिपके पुसले. पुसल्यावर कारभारी म्हणाले, ‘‘तू पुसलंस. पण वर गेलं आसंल त्याचं काय?’’ आणि त्यांनी बोट आकाशाकडे केलं. मी संगणक शिकवणारा माणूस. हा प्रश्न माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. तिथे मात्र तो माझ्याच अंगावर आला होता. मी फोन कसा चालतो ते सांगायला लागलो आणि जितकं सांगत गेलो तितके चेहरे बंद होत गेले. मला राग येत होता, या लोकांनी माझ्याबद्दल असा विचार करावा! आणि त्याच वेळी हेही कळत होतं की त्यांच्या जागी मी असतो तर मीही मला सोडलं नसतं.

पाड्याचं ठरलेलं होतं. मोजणीला ज्या घरातून मदत होईल त्या घराशी कुणी बोलायचं नाही. लग्नाला नाही, मयताला नाही, लावणीला नाही. हे मला तिथे उभ्या-उभ्या कळलं. ताई दारात उभी होती. तिला ते आधीपासून माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

‘‘देवाकडं चला,’’ कारभारी म्हणाले.

पाड्याच्या टोकाला मोठ्या झाडाखाली गावदेव आहे. शेंदूर लावलेले दगड, वर पत्र्याचा आडोसा. तिथली रीत अशी की दगडावर हात ठेवून जे बोललं जाईल ते शेवटचं. त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. आणि बोलणं खोटं असेल तर ते बोलणाऱ्याच्या घरावर येतं. मी लगेच पुढे झालो. म्हटलं, ‘‘मी ठेवतो हात. शंभर वेळा ठेवतो.’’

कारभाऱ्यांनी मला अडवलं. ‘‘तू नको. तुझा देव तिकडं गंजाडला. ह्यो तुला वळखत नाय. घरचं माणूस पायजे.’’

सगळे भावजींकडे बघायला लागले. भावजी चांगले माणूस. माझ्याशी आजवर एक वाकडा शब्द बोलले नाहीत. ते दोन पावलं पुढे गेले, दगडाकडे बघितलं आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मास्तर, तुमी रागावू नका. पन त्या पुस्तकात काय लिवलंय ते मला काय म्हाईत?’’ आणि मागे सरले.

भावजींवर मला रागावताही आलं नाही, कारण ते खरं तेच बोलले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्या शेताचा आकार त्यांनी माझ्या फोनवर आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. न कळणाऱ्या गोष्टीवर त्यांनी पोरांची शपथ का घ्यावी?

तेवढ्यात ताई बायकांमधून पुढे आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिने पदर डोक्यावरून घेतला, खाली बसून दोन्ही हात दगडावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘माझ्या भावानं कुणासाठी मापं घेतली नाय. घेतली आसतील तर माझ्या पोरांवर येऊ दे.’’

संपलं. कारभाऱ्यांनी पुस्तक मला परत दिलं. शेजारची ती बाई ताईजवळ आली आणि दोघी कशाबद्दल तरी बोलायला लागल्या, बहुधा भाऱ्याबद्दल. एक जण मला ‘उन्हाचं बसू नका’ म्हणाला. पुढे त्या पाड्यात त्या दिवसाबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. रीत खरी होती.

माझं मन भरून आलं होतं. सगळं जग संशय घेतं, तिचा नवराही कचरतो, आणि बहीण उठून आपल्या लेकरांची शपथ घेते. मी स्वतःला फार भाग्यवान समजत होतो. भाऊबीज झाली. ताईने ओवाळलं, डोळ्यांना पाणी लावलं. दुपारी ती मला सोडायला जीपच्या रस्त्यापर्यंत आली. भाची पुढे पळत होती. ती लांब गेलेली बघून ताईने माझा दंड धरला.

‘‘बाबू, आता खरं सांग. कुणासाठी मोजत होतास?’’

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. ‘‘ताई, तू आत्ता काल देवावर हात ठेवून...’’

‘‘ते मी ठेवला. नायतर तुला नि आमाला कोण उभं करनार होतं?’’ तिचा आवाज शांत होता. ‘‘आता मला खरं कळू दे. माझ्या पोरांचं नाव घेतलंय मी. तुझ्या हातून काय झालं आसंल तर आताच सांग. म्हणजे देवाला काय द्यायचं ते मी देऊन टाकते, पोरांवर यायच्या आदी.’’

तिने माझ्यावर विश्वास ठेवून शपथ घेतली नव्हती. मी चोर आहे असं मानून घेतली होती. इतकं मोठं काही माझ्यासाठी कुणी कधी केलं नाही, आणि इतकं काही मला कधी लागलंही नाही. मी तिला पुस्तकाबद्दल पुन्हा सांगितलं, स्वाध्यायाबद्दल सांगितलं, माझ्या आई-बाबांची शपथ घेतली. ती ऐकत होती आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. जीप आली. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये काहीच पटलेलं नव्हतं.

पुढे थंडी वाढली आणि भाचीला ताप आला. थंडीत मुलांना ताप येतोच. तलासरीला दवाखान्यात नेऊन आणलं, गोळ्या दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. एका सकाळी दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘‘बाबू, आता तरी सांग रे. मी तुला काय बोलनार नाय. कुणाला दिलंस? माझी पोर नुसती निजून हाय.’’

मी व्हरांड्यात उभा होतो. आत मुलं गोंगाट करत होती. मी पुन्हा खरं सांगू शकत होतो, आणि ते ऐकून ती पुन्हा ‘बरं’ म्हणाली असती आणि तापलेल्या पोरीच्या उशाशी बसून राहिली असती. खरं काय ते तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिला माझा गुन्हा हवा होता, म्हणजे त्यावर तिला काहीतरी करता आलं असतं.

‘‘हो ताई,’’ मी म्हणालो. ‘‘एका माणसाला दिलं होतं. आता परत घेतलं. त्याच्याकडे काही नाही.’’

पलीकडे तिने श्वास सोडला, इतका मोठा की मला फोनमधून ऐकू आला. ‘‘बरं झालं सांगितलंस. कुणाजवळ बोलू नको. ह्यांना बी नको. मी बघते.’’

तिने कुणाला न सांगता देवाला कोंबडं दिलं, नारळ दिला. दोन-तीन दिवसांत भाची उठून खेळायला लागली. ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मोकळा होता. मनगटं जाड झाली का, हेही तिने विचारलं.

२०१९ च्या भाऊबीजेला मी गेलो. पाड्यात सगळे नेहमीसारखे बोलले. चप्पल काढून आत जायला लागलो तर ताई दारात आली आणि हळूच म्हणाली, ‘‘फोन नि पिशवी तिथं ओट्यावर ठेव. आत नको.’’ पाय धुऊन ये म्हणावं तितक्या सहज. पिशवीत त्या वेळी पुस्तक नव्हतं, मिठाईचा पुडा आणि तिची साडी होती. ती दोन्ही बाहेर काढून तिच्या हातात दिली, आणि पिशवी व फोन ओट्यावर ठेवला.

तिने पाट मांडला, ओवाळलं, काकडी घालून पानात उकडलेले पानगे माझ्या ताटात वाढले. मी घास घेत होतो. भावजी बाहेर कुणाशी तरी बोलत होते. ताई माझ्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘खा नीट. मनात काय ठेवू नको. चुकतं रे मानसाच्या हातून.’’

मी मान डोलावली.